मिश्रीचा दात
"तंबाखूची मिश्री लावत असणार तुम्ही," डॉक्टर म्हणाले आणि बयाबाईंचा उपटलेला काळा दात चिमट्यात धरून उजेडाकडे नेला. मुळाला पू चिकटला होता. बयाबाईंनी कापसाचा बोळा गालात सारला. "मी कदी मिश्रीला हात लावला न्हाय वो. दोन म्हैन्यामागं तुमी त्यो लेसर मारलासा, तवापासनं काळा पडाय लागला." तेव्हा त्या पन्हाळ्याहून किडका दात साफ करायला आल्या होत्या. लेसर चालताना दात आतून भाजू नये म्हणून त्यावर सतत पाण्याचा फवारा लागतो. त्या दिवशी लोडशेडिंग होतं. लेसर इन्व्हर्टरवर चालला, फवाऱ्याचा पंप बंदच राहिला. मी म्हटलं, "सर, पाणी नाही." ते म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे, सिस्टर." बारीक धूर निघाला. शिंग जाळल्यासारखा वास सुटला. इंजेक्शननं तोंड बधिर झालेल्या बयाबाई खूश होत्या, "कायबी दुखलं न्हाय की." आज डॉक्टरांनी तो दात बाटलीत टाकला. "धुऊन ठेवा. व्यसनमुक्तीच्या शिबिरात पोरांना दाखवायला बरा आहे." बयाबाई माझ्याकडं वळल्या. "पोरी, तू हुतीस न्हवं तवा हितं? सांग की." मी मास्क नाकावर ओढला, बाटली पुसली आणि लेबलवर लिहिलं, 'मिश्रीचा परिणाम'. दवाखान्यात अक्षर माझंच चांगलं आहे.