कडी

जेवण स्वतःच्या हाताने होतं का, झोप लागते का, शेवटचं कधी पडल्या, असं सगळं दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट मुलाला विचारत होती आणि मुलगा धडाधड सांगत होता. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या कंडक्टरबाई दोघांच्या मधे खुर्चीत बसून होत्या.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाईंचा उजवा हात-पाय ढिला पडला होता आणि शब्द तोंडाशी येऊन अडत. समजत मात्र सगळं होतं. ज्या बाईने उभा जन्म खच्चून भरलेली बस एका "पुढे सरका"ने हलवली, तिच्या देखत मुलगा सांगत होता की आई आजकाल उगाच चिडचिड करते.

उगाच! झटक्यानंतर मुलाने बाथरूमच्या दाराची कडी काढून टाकली होती. आई आत पडलीच तर दार उघडता यावं म्हणून. हेतू चांगला होता, पण त्या दिवसापासून ते दार कोणाचंही झालं. सून टॉवेल ठेवायला, नातू ब्रश घ्यायला, आणि आज सकाळी तर नळ दुरुस्त करणारा. बाई स्टुलावर अंगाला साबण लावून बसलेल्या. तो "सॉरी" म्हणून मागे फिरला आणि मुलगा बाहेरून हसत म्हणाला, "अगं, तो काय बघतोय आता तुझ्याकडे!" तेव्हापासून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती ओकायला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

थेरपिस्टने दोन बोटं पुढे केली आणि डाव्या हाताने जमेल तेवढी दाबा म्हणाली. बाईंनी सकाळपासूनचा सगळा राग त्या दोन बोटांवर काढला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राग आलाय का, मावशी?"

बाईंनी मान डोलावली.

"माझापण?"

बाईंनी पुन्हा मान डोलावली. थेरपिस्टने बोटं चोळली, स्वतःची खुर्ची मुलाकडून वळवून बाईंच्या समोर आणली आणि यापुढचे प्रश्न त्यांनाच विचारले. उत्तराला वेळ लागला तर गप्प बसून राहिली. उजवा खांदा किती वर जातो ते पाहिलं, चिमटीत किती जोर आहे ते पाहिलं. बुटक्या स्टुलावरून एकटीला उठायला लावलं, उभं असताना हलकेच ढकलून पाहिलं. बाई डगमगल्या, पण पडल्या नाहीत.

मग तिने विचारलं, "यातून बरं होताना सगळ्यात आधी तुम्हाला काय करता यायला हवं?"

"निदान बाथरूमपर्यंत धड चालली तरी पुरे," मुलगा म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

बाईंनी ओठ जुळवले. "क..." म्हणून शब्द अडला. मुलाला राहवेना. कपडे का, कंबर का, काठी का, असं तो एकेक सुचवू लागला, जणू टीव्हीवरची स्पर्धा. बाईंनी डावा हात उगारला तसा तो थांबला. मग शब्द बाहेर आला.

"कडी."

मुलाचा चेहरा उतरला. बाथरूमची कडी आपणच काढली, असं त्याने सांगितलं. थेरपिस्टने बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण ते रडणं नव्हतं.

थेरपिस्ट म्हणाली की बाहेरून नाण्याने उघडता येणारी कडी मिळते, ती आजच बसवून घ्या. डाव्या हाताने भिंतीवरची आधाराची दांडी धरायची, म्हणजे कडी सरकवायला उजवाच हात लागेल. त्या हाताचा पहिला व्यायाम तोच. पडल्यावर उठायचं कसं, तेही ती शिकवणार होती.

"शिकवणं सोपं आहे, मॅडम," मुलगा उसळला. "झटका आला त्या दिवशी हिला फरशीवरून मी उचललंय. तुम्ही नाही."

ते खरं होतं. बाईंनाही ते आठवत होतं. म्हणून तर इतके दिवस त्यांनी सगळं गिळलं होतं. ज्याने आपल्याला उचललं त्याच्यावर ओरडायचं कसं? पण उचललं म्हणून माणूस सामान होत नाही, हे त्याला कोणी सांगायचं?

बाईंनी काठी घेतली आणि कोपऱ्यातल्या टॉयलेटकडे निघाल्या. मुलगा मागे धावला. थेरपिस्टने त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही, पण थेरपिस्ट मधे उभी होती.

दार लागलं. आत काठी भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. मग लोखंड घासल्याचा. थांबला. पुन्हा घासल्याचा. दवाखान्यातली जुनी कडी, धडधाकट माणसालाही दाद न देणारी. बराच वेळ ती नुसती करकरत राहिली, आणि मुलाच्या कपाळावर घाम जमला. शेवटी एकदाची खट्‌कन बसली.

मुलगा थेरपिस्टला ओलांडून दारापाशी गेला आणि थापा मारू लागला. "आई, कडी काढ. आई, ऐकतेस ना? उघड आधी."

"थांब," आतून आवाज आला. भरलेल्या बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जायचा, तो आवाज. मुलाचा हात दारावरच राहिला.

आणि मग, एकेक शब्द सुटा करून, "आत. माणूस. आहे."