भांडायला एक सिनेमा

“नायिका माघारी गेली, तिथंच सिनेमा बुडाला!” बंडोपंत म्हणाले.

“अहो, तिथंच अख्खं थेटर ढसाढसा रडलं होतं!” समोरचे तात्या भडकले.

मिसळीच्या दुकानात शेजारच्या टेबलावर बसलेला ऋग्वेद त्या दोन म्हाताऱ्यांवर जळत होता. दोघांनी एकच सिनेमा पाहिला होता! थेटरं कधीच बंद पडली होती. आता घरचं यंत्र ज्याला त्याला त्याच्या आवडीचा सिनेमा बनवून द्यायचं. ऋग्वेदचा सिनेमा त्याच्या बायकोनंही पाहिलेला नसायचा. भांडणार कुणाशी?

घरी गेल्या गेल्या त्यानं यंत्राला फर्मावलं, “माझ्याशी सिनेमावरून भांडणारे दोन म्हातारे हवेत.”

पडद्यावर हुबेहूब तेच दुकान उभं राहिलं. ऋग्वेदनं तावातावानं आपलं मत मांडलं.

“अगदी बरोबर बोललास,” दोघं म्हातारे एका सुरात म्हणाले.