तळहातावरचा पाय

"ढकला, आबा."

स्नेहलनं खंडेरावांच्या उजव्या तळपायाला आपला तळहात लावला होता आणि ती वाट बघत होती. खंडेरावांनी पाय हलवला नाही. उलट ते कॉटवर अर्धे उठून बसले, तिच्या हाताला बोटं लावली आणि ती बोटं स्वतःच्या कपाळाला टेकवली.

"आबा! पुन्हा नमस्कार?"

"पाय लागला ना ताई तुमाला."

"लागला नाही. मीच धरलाय तो."

गेले चार आठवडे हेच चाललं होतं. देवळ्याच्या शिवारात कांद्याची ट्रॉली उलटली ती त्यांच्या पायावर. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण दबलेली शीर काही जागी होईना. दहा वेळा ढकला म्हटलं की आबांचे दहा नमस्कार व्हायचे. स्नेहल आधी चिडायची आणि मग तिला हसू यायचं. इंदिरानगरातल्या तिच्या या छोट्याशा फिजिओथेरपी सेंटरमध्ये कण्हणारे, शिव्या घालणारे, रडणारे सगळे येऊन गेले होते. तिला देवी करून टाकणारा हा पहिलाच पेशंट.

आज मात्र हसून भागणार नव्हतं. महिनाभरात पावलात जोर आला नाही तर ऑपरेशन करून शीर मोकळी करायची, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तो महिना आज भरत होता, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

"मधी टावेल धरा," खंडेराव म्हणाले. "नायतर भिताडाला ढकलतो."

"भिंतीला काय कळणार किती जोर आहे ते? माझ्या हाताला कळतं."

"आमच्यात लेकीबाळीला पाय लावत नाय, ताई. लक्ष्मी असती ती."

कोपऱ्यात त्यांची बायको कुसाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं हे ऐकलं आणि मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

स्नेहलनं वाद सोडला. गरम पाण्यातली शेकाची पिशवी काढून तिनं टॉवेलमध्ये गुंडाळली, त्यांच्या पोटरीखाली सरकवली आणि खिडकीचा पडदा ओढला. मग आपलं चाकांचं स्टूल ओढून ती त्यांच्या पायथ्याशी बसली.

"डोळे मिटून पडा जरा. मी नुसता हात ठेवते. तुम्ही काही म्हणजे काही करू नका."

पडदा निळा होता. दुपारचं ऊन त्यातून निळं होऊन आत येत होतं आणि भिंती, कॉट, कुसाबाईचं लुगडं, सगळं जरासं पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं. पोटरीतली ऊब हळूहळू वर चढली. पंख्याचा आवाज लांब गेला, आणखी लांब गेला, आणि मग तो पंख्याचा राहिलाच नाही.

वारा होता. अंगणभर कांदा पसरला होता आणि त्याची पातळ गुलाबी सालं उडत उडत पार ओट्यापर्यंत येत होती. खंडेराव ओट्यावर बसले होते. खालच्या पायरीवर संध्या होती, त्यांची लेक. तिनं दोन्ही हातांनी त्यांचं पाऊल धरलं होतं. तिच्या केसांत एक साल अडकलं होतं. ते हलकेच काढावं असं त्यांना फार वाटलं, पण हात काही उचलवेना.

"आबा, एकदा त्याच्याशी बोला तरी," ती म्हणत होती. "मग लग्नाला नाही म्हणा."

हे स्वप्न आहे हे त्यांना माहीत होतं. सहा वर्षं ते बरोबर इथंच दचकून जागे व्हायचे, पुढचं न बघता. आज ती ऊब सोडेना. जाग येईना.

"सोड," ते म्हणाले.

तिनं सोडलं नाही. पावलावर कपाळ टेकवलं. सालं उडत होती, किती छान उडत होती. आणि मग त्या दिवशी झालं होतं तेच झालं. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांनी लेकीला लाथेनं मागे लोटलं.

"आला!" कुणीतरी ओरडलं. "आबा, जोर आला!"

निळ्या खोलीत स्नेहल स्टुलासकट मागे भिंतीपर्यंत गेली होती आणि लहान पोरीसारखी हसत होती. "केवढा ढकललात! शीर जागी झाली, आबा. ऑपरेशन कशाला लागतंय आता? मी आत्ताच डॉक्टरांना फोन करते."

खंडेराव उठून बसले. त्यांनी खुणेनं तिला जवळ बोलावलं, तिचा तळहात दोन्ही हातांत घेतला आणि तो उलटासुलटा करून बघू लागले. एकेक बोट दाबून बघितलं, मनगट फिरवून बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"लागलं का गं?"

"मला?" स्नेहल हसली. "छे हो आबा, एवढ्यानं काय लागतंय?"

"लय लागलं का गं तुला?"

"अहो, खरंच नाही लागलं. बघा ना."

कुसाबाई उठली. पिशवी खाली ठेवून ती कॉटजवळ आली आणि तिनं स्नेहलच्या पाठीवर हात ठेवला.

"ते तुमाला नाय इचारत, ताई."