परतण्याचा इरादा

कोरीनने दुसऱ्या चौकटीत फुली मारली आणि पेन खाली ठेवलं. दारातून बाहेर पाहिलं. फिदेन्सियो अंगणात वाळत घातलेली कॉफी दंताळ्याने हलवत होता. धुकं जरा विरळ झालं होतं, तेवढ्यात ऊन लागलं तर लागलं.

अर्ज अमेरिकन सरकारचा होता. परदेशात राहणाऱ्यांनी मतपत्रिका मागवण्यासाठी भरायचा. नाव, जन्मतारीख, अमेरिकेतला शेवटचा पत्ता. मग दोन चौकटी. ‘मी परदेशात राहते, परतण्याचा माझा इरादा आहे.’ तिच्याखाली, ‘मी परदेशात राहते, परतेन की नाही सांगता येत नाही.’ गेली अठरा वर्षं दर जानेवारीत कोरीन पहिल्या चौकटीत फुली मारत आली होती. आणि प्रत्येक वेळी नवऱ्याच्या खिशात हात घातल्यासारखं तिला चोरटं वाटलं होतं.

फिदेन्सियो, तिचा नवरा, तिला लिंडल गावात भेटला होता. विस्कॉन्सिनमधलं तीनशे उंबऱ्यांचं गाव, माणसांपेक्षा गाई जास्त. ती शाळेची बस चालवायची, तो बर्ग यांच्या गोठ्यात पहाटे चारपासून धारा काढायचा. अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं त्याच्याकडे नव्हती. बारा वर्षं ती कुणी मागितलीही नाहीत. लग्न झालं, मुलगी झाली. मग एका सकाळी शेरिफच्या, म्हणजे तिथल्या निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाच्या, माणसाने मागचा दिवा बंद म्हणून त्याची गाडी अडवली, आणि तीन आठवड्यांनी त्याला सीमेपलीकडे मेक्सिकोत नेऊन सोडलं. आधी एकदा परत पाठवल्यावर तो पुन्हा शिरला होता. वकील म्हणाला, आता या जन्मात आशा ठेवू नका.

तीन वर्षांच्या लेकीला घेऊन कोरीन त्याच्यामागे व्हेराक्रूझच्या या डोंगरात आली. लेक आता पुएब्लाला नर्सिंग शिकत होती. कोरीनच्या हातच्या टॉर्तिया, मक्याच्या भाकऱ्या, आता गोल होत. सासूची नाउआत्ल बोली तिला भांडण्यापुरती येत होती. तरी अजून एखाद्या पहाटे रस्त्यावरचं बर्फ खरवडत जाणाऱ्या गाडीचा आवाज आला असं वाटून ती जागी व्हायची. आईची अंत्ययात्रा तिने फोनवर पाहिली होती. मध्येच रेंज गेली, ती परत आली तेव्हा खड्डा बुजवून झाला होता.

यंदा अर्ज छापून देणाऱ्या दुकानदाराने तो वाचला, ती दर वर्षी पहिल्या चौकटीत फुली मारते हे तिच्याकडून काढून घेतलं, आणि गावभर केलं. सासूने, साबीनाने, जेवताना विषय काढला.

“अठरा वर्षं माझ्या चुलीवरचं खाल्लं, आणि सरकारला लिहून देते, मी जाणार म्हणून! अगं, तारीख तरी सांग. गाठोडं बांधू लागते.”

फिदेन्सियोने ताटातून मान वर केली नाही. कोरीनला सासूच्या बोलण्यापेक्षा ती खाली घातलेली मानच जास्त लागली.

म्हणून आज दुसरी चौकट.

तो हात धुऊन आत आला. टेबलावरचा कागद त्याने उचलला. इंग्रजी तो सावकाश वाचायचा, ओठ हलवत. त्याचं बोट फुलीवर थांबलं.

“हे काय?”

“खरं तेच लिहिलंय. मी कुठे जात नाही. आईंना सांग, निजा आता निवांत.”

“मग मतपत्रिकेचं पाकीट येणार नाही?”

“येईल की. राष्ट्राध्यक्ष निवडायचा असेल तेव्हा येईल, सिनेटचं येईल. गावचं काही नाही यायचं. ज्याला परतायचंच नाही, त्याला गावचं काय करायचंय?”

तो खुर्चीवर बसला. “शेरिफचं नाही?”

“नाही.”

“शाळेच्या छपराचं?”

“तेही नाही. तुला कशाला रे शेरिफ? त्याच्याच माणसांनी धरलं ना तुला?”

“तो निवृत्त होतोय. गोठेवाल्या रँडी बर्गची लेक मार्लीस उभी राहतेय यंदा. आणि शाळेच्या छपरासाठी गावाच्या मताने पुन्हा पैसे मागितलेत. गेल्या वेळी अकरा मतांनी पडलं होतं.”

कोरीनला यातलं काही ठाऊक नव्हतं.

“तुला कुणी सांगितलं?”

“तिथला पेपर फोनवर येतो. मळ्यात रेंज असते ना, तिथे वाचतो.”

“रोज?”

“रविवारी नसतो तो.”

दर वेळी मतपत्रिकेचा कागद टेबलावर उलगडला, की तो येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहायचा. एक शब्द बोलायचा नाही. ती घाईघाईने खुणा करून पाकीट बंद करायची.

“मला वाटायचं, तू पाळत ठेवतोस,” ती म्हणाली. “ही जाते की काय, म्हणून.”

“नावं वाचायचो. तू फार भरभर उरकायचीस. निम्मी राहून जायची.”

बाहेर साबीना कोंबड्यांना हाकलत होती. कोरीनने आवाज खाली आणला.

“इथे खाली शपथेवर सही असते, फिदेन्सियो. परतणार म्हणून खोटं कसं लिहू?”

“खोटं आहे?”

तिचे डोळे भरून आले, तेव्हा ते ॲप्रनने पुसायचे की हाताने, हेही तिला सुचेना. तिने तसेच वाहू दिले. त्याने अर्ज चार घड्या घालून चुलीत टाकला, आणि जळेपर्यंत तिथेच उभा राहिला.

“उद्या खाली दुकानात जाऊन नवा आणतो,” तो म्हणाला. “मला कुणी कधी विचारलं नाही, परत यायचंय का म्हणून. तुला दर वर्षी विचारतात. माझंही तूच सांग.”