एकच नाव, दोन ठिकाणी

आमच्या कंपनीत चाचणीच्या कोडमध्ये घरच्यांची नावं घालायची पद्धत आहे. मी लेकीचं घातलं. प्रेम, तेही पगारी वेळेत.

त्या दिवशी सी या संगणकी भाषेतला प्रोग्राम बिल्ड होईना. एररचं एकच पालुपद: हे नाव दोन ठिकाणी आहे, एक काढा.

सगळ्या फायली धुंडाळल्या. नाव एकदाच होतं.

"चष्मा बदला, साहेब," असं म्हणून शेजारचा टेस्टर चहाला गेला.

लेक शाळेतून परस्पर ऑफिसात आली होती आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली होती. मी बायकोला फोन लावला.

"उशीर होईल गं. पोरगी माझ्यापाशी आहे, काळजी करू नकोस."

"काहीतरीच काय! ती इथे माझ्यासमोर खातेय. घे, बोल."

"बाबा," तोंडात घास घेऊन माझ्याच लेकीचा आवाज आला, "तू कधी येणार?"

स्क्रीनवर अजून तीच ओळ होती: एक काढा.

शेजारून एक लहानसा हात आला. त्याने माझं बोट हळूच उचलून डिलीटच्या बटणावर ठेवलं.

"घरची काढ ना, बाबा."