हाताने विणलेला लांडगा

पडद्यावरच्या माणसाचा पुरता लांडगा झाला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मुलीने मान खाली घातली. शेजारी बसलेले बाबा मात्र एकटक पडद्याकडे बघत होते.

"लोकांना आवडलेला दिसतोय," ते हळूच म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली.

चित्रपट मंडळाने दुपारच्या या खेळाला बाबांना मुद्दाम बोलावलं होतं. सिनेमाच्या जाहिरातीतच मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'हाताने विणलेला लांडगा'. बाबा चाळीस वर्षं नाटक-सिनेमांसाठी केसांचं काम करत आलेले. टोप, दाढ्या, मिशा, क्वचित एखादं जनावर. बारीक जाळीत आकडीने एकेक केस ओवायचा आणि गाठ मारायची. या लांडग्याच्या कातड्यासाठी ते अकरा महिने मागच्या खोलीत दार लावून बसले होते. "सिनेमावाल्यांची अट आहे, कुणी आत यायचं नाही," म्हणायचे. जेवणाचं ताट ती दाराशी ठेवायची.

पण पडद्यावरच्या त्या लांडग्यात बाबांचा एकही केस नव्हता. सगळा लांडगा तिने केला होता, संगणकावर.

सिनेमातली खोटी आग, खोटे पूर, खोटी गर्दी तयार करणाऱ्या कार्यालयात ती नोकरीला होती. गेल्या वर्षी दिग्दर्शकाने तिला बाजूला घेतलं.

"तुझ्या बाबांचं कातडं कॅमेऱ्यात चालत नाही गं. आता तूच काय ते कर. नाव त्यांचंच राहील. त्यांच्याजवळ अवाक्षर काढू नकोस, खचतील."

ती हो म्हणाली. राखाडी तंग कपड्यांत धावणाऱ्या नटावर तिने महिनोन् महिने केस चढवले. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ठरवायची, आज सांगायचंच. संध्याकाळी बाबा विचारायचे, "दमलीस?" आणि ती नुसती मान हलवायची. एकदा पडद्यावर बघितलं की बाबांना कळेलच, असं तिला वाटत होतं. आज त्यांनी सगळा सिनेमा बघितला, आणि कळलं नाही. हे आपलं काम नव्हे एवढंही त्यांना ओळखू येऊ नये, इतके डोळे अधू झाले? या विचाराने तिला अधिकच मेल्यासारखं झालं.

दिवे लागले. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते पुढे आले.

"गेली दहा वर्षं आपण लांडगे बघतोय की भिजलेले गालिचे, हेच कळत नव्हतं," ते म्हणाले. लोक हसले. "संगणकाचे लांडगे ते! पळतात, पण जमिनीला पत्ताच नसतो. धड भीती नाही, धड मजा नाही."

"मागच्या सिनेमातल्या लांडग्याला बघून आमची ही म्हणाली, कुणीतरी याला शाम्पू द्या!" मागून एक गृहस्थ ओरडले.

"आणि दात काय पांढरेशुभ्र! माझं गिऱ्हाईकच नव्हे ते." डॉक्टर हसू ओसरेपर्यंत थांबले. "पण आज बघा. श्वास घेतला की मानेवरचे केस उठतात, सोडला की बसतात. यंत्राला हे साधेल? त्याला माणसाचा हात लागतो. संगणकवाल्यांनी इथे येऊन शिकावं."

मानेवरच्या त्या केसांसाठी तिला एकोणीस दिवस लागले होते. जन्मात पहिल्यांदा तिच्या कामाचं कुणी इतकं कौतुक करत होतं, आणि तिला बापाच्या ताटातला घास उचलल्यासारखं वाटत होतं.

बाबांना पुढे बोलावलं. ते कोटाच्या खिशात हात घालून उभे राहिले. माईक डॉक्टरांनीच त्यांच्या तोंडासमोर धरला.

"काका, ते हात तरी दाखवा आम्हाला!" पहिल्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

"हातांत काय बघायचंय, बाई," बाबा हसून म्हणाले. हात खिशातच राहिले. "आपण जे बोललात ते ज्याचं आहे त्याच्यापर्यंत पोचलं. एवढं पुरे."

"काय हा विनय!" डॉक्टर म्हणाले, आणि सगळं सभागृह उभं राहिलं.

बाहेर उन्हं कलली होती. बसच्या थांब्यापर्यंत दोघं चालत गेले. बाकावर बसल्यावर मात्र तिला राहवेना. आज नाही सांगितलं तर पुन्हा बाबांच्या नजरेला नजर देता येणार नाही, हे तिला पक्कं कळलं होतं.

"बाबा, रागवा, बोला, पण ऐकून घ्या. तो लांडगा तुमचा नव्हता. तुमचं कातडं त्यांनी घेतलंच नाही. मी केला तो, संगणकावर. वर्षभर तुमच्यापासून लपवलं. तुमच्या नावावर लोक टाळ्या वाजवत होते आणि मी तोंड मिटून बसले होते. माझी मलाच लाज वाटते."

बाबा रस्त्याकडे बघत राहिले.

"मान फार छान जमली तुला," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? कधीपासून? दिग्दर्शकाने सांगितलं?"

"तो काय सांगणार?" त्यांनी अजूनही तिच्याकडे बघितलं नाही. "कातडं चालत नाही असं हिला सांग, म्हणून मीच त्याच्या हातापाया पडलो होतो. या बोटांत आता आकडीच धरवत नाही. कातडं मी विणलंच नव्हतं गं."