दादाचं उदाहरण

व्याख्यान संपलं तसं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. डायलिसिसवरच्या परदेशी माणसाला हाकलून देणं हा आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवा, असं प्राध्यापक कोठावळ्यांनी ठणकावून सांगितलं होतं.

पहिल्या रांगेत त्यांची पुतणी तेवढी बसून राहिली. त्यांनीच तिला मायदेशातल्या गावाहून बोलावलं होतं.

ते खाली आल्यावर ती म्हणाली, “काका, तुम्ही या देशाचे मंत्री होतात तेव्हा डायलिसिसवरच्या बाबांना परतीच्या विमानात तुम्हीच बसवलंत.”

“बसवावंच लागलं. नाहीतर लोक म्हणाले असते, बाहेरून आला आणि आपल्याच माणसांचं बघतोय.”

“गावात डायलिसिस कुठलं? आठवड्यात गेले.”

“माहितीय ना. म्हणून तर तुला बोलावलंय.” त्यांनी तिला हाताला धरून मंचावर नेलं, माइक पुढे केला. “दादा कसा गेला ते सांग सगळ्यांना. इंग्रजीत सांग.”